गॅदरिंगचा व्हिडिओ टाकण्याआधी : मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समित्यांना खुले पत्र

प्रति,
राज्यातील सर्व मुख्याध्यापक, संस्थाचालक, शाळा व्यवस्थापन समित्यांचे अध्यक्ष व सदस्य;
आणि शाळांकडून ‘व्हिडिओची लिंक’ मागवणारे केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी व शिक्षणाधिकारी

स.न.वि.वि.

डिसेंबर-जानेवारीत गॅदरिंगचे व्हिडिओ यूट्यूबवर यायला लागतात आणि शाळांचे दोन गट पडतात. एक गट चार तासांचं स्नेहसंमेलन जसंच्या तसं सार्वजनिक करतो. शीर्षकात शाळेचं नाव, गाव, तालुका, इयत्ता, तुकडी आणि नाचणाऱ्या मुलीचं आडनावासकट नाव. दुसरा गट शेजारच्या तालुक्यात काहीतरी घडल्याचं ऐकतो आणि कॅमेराच कपाटात टाकतो. मुलांनी चालवलेलं बातमीपत्र, विज्ञानाचे प्रयोग, कवितावाचन, सगळं एका दिवसात थांबतं. दोन्ही शाळांनी टाळलेलं काम एकच असतं. कुठला व्हिडिओ कोणी पाहायचा, किती दिवस पाहायचा आणि तो उतरवायची किल्ली कोणाकडे राहील, हे कोणी ठरवलेलंच नसतं. हे काम मोठ्यांचं आहे आणि एका दुपारी होण्यासारखं आहे.

शाळांच्या चॅनेलची तांत्रिक बाजू, व्हिडिओ संकलन आणि बालहक्कांचा कायदा या तीन बाजूंनी आम्ही या विषयाशी जोडलेले आहोत. म्हणून उपदेश कमी आणि बटणं जास्त, असं हे पत्र आहे.

आधी कॅमेरा बंद करणाऱ्यांशी बोलू. भारताने ११ डिसेंबर १९९२ रोजी संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार स्वीकारला. त्याच्या १२व्या कलमात मुलाचं मत ऐकून घेण्याची, १३व्यात अभिव्यक्तीची आणि १६व्यात खासगीपणाची हमी आहे. तिन्ही हक्क एकाच मुलाचे आहेत, त्यातला एक वाचवायला दुसरा काढून घेता येत नाही. वर्गात तोंड न उघडणारी मुलगी माइक हातात आल्यावर आजीच्या जात्यावरच्या ओव्या म्हणून दाखवते, गावातल्या बारवेची माहिती मुलं अहिराणीत किंवा मालवणीत सांगतात, ही कामं शाळेत दुसऱ्या कुठल्या तासाला होत नाहीत. ती बंद करून मूल सुरक्षित होत नाही. ते घरी जाऊन मोठ्या भावाच्या मोबाइलवर, कोणाच्याही नजरेबाहेर, तेच करतं.

आता सगळं सार्वजनिक करणाऱ्यांशी. ‘आमच्या व्हिडिओत वावगं काय आहे?’ हा प्रश्न हमखास येतो. वावगं काहीच नसतं, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये उघड झालं की जिम्नॅस्टिक्स, पोहणं, घरातले खेळ अशा अगदी साध्या व्हिडिओंखाली काही लोक मिनिट आणि सेकंदांचे आकडे टाकत होते. मूल वाकलं, कपडा सरकला, तो क्षण दुसऱ्याला सापडावा म्हणून. मोठ्या जाहिरातदारांनी जाहिराती थांबवल्या आणि यूट्यूबने लहान मुलं दिसणाऱ्या बहुतांश व्हिडिओंवरच्या टिप्पण्या बंद केल्या. त्याच वर्षी जूनमध्ये पुढची गोष्ट समोर आली. शिफारस करणारी यंत्रणा असे घरगुती व्हिडिओ एकामागून एक त्याच प्रेक्षकांपुढे मांडत होती. ही यंत्रणा व्हिडिओ कोणासाठी काढला हे पाहत नाही, तो कोण किती वेळ पाहतो हे पाहते. तुमचा व्हिडिओ पालकांसाठी असेल, पण सार्वजनिक केला की प्रेक्षक तुम्ही निवडत नाही.

आपल्याकडे हे सगळ्यात आधी लागू होतं ते मल्लखांब, दोरीचा मल्लखांब, योगासनं, कुस्ती आणि कबड्डीला. हे खेळ दाखवायलाच हवेत. पण लंगोट किंवा घट्ट पोशाखातल्या मुलांचं चित्रीकरण करताना कॅमेरा छातीच्या उंचीवर, बाजूने, पूर्ण शरीर आणि पूर्ण खांब चौकटीत मावेल इतका दूर ठेवावा. खाली जमिनीवर कॅमेरा ठेवून वर रोखू नये, स्लो मोशन करू नये, झूम करू नये. प्रशिक्षकाला पकड दाखवण्यासाठी जवळचं दृश्य लागतंच, तर ते प्रशिक्षणाचा व्हिडिओ म्हणून वेगळं ठेवावं, सार्वजनिक करू नये.

दुसरा धोका ओळख पटण्याचा आहे, आणि तो बहुधा गळ्यात लटकलेला असतो. शाळेच्या ओळखपत्रावर नाव, इयत्ता, जन्मतारीख, रक्तगट, पत्ता आणि पालकांचा मोबाइल नंबर असतो. आजचा साधा फोनही ते वाचता येईल इतकं स्पष्ट टिपतो. चित्रीकरणाआधी ओळखपत्रं काढून दप्तरात ठेवायला सांगा. मागच्या भिंतीकडे बघा : हजेरीचा फलक, ‘आजचे वाढदिवस’, रिक्षाकाकांचे नंबर लिहिलेला कागद. निवेदक नाव घेऊन मुलांना बोलावतो तो भाग संकलनात कापा. नाव, शाळा, गाव आणि शाळा सुटण्याची वेळ या चार गोष्टी एकत्र आल्या की अनोळखी माणसाला मुलाशी ओळखीच्या सुरात बोलता येतं. ‘तुझ्या बाबांनी पाठवलंय’ एवढं म्हणायला त्याहून जास्त माहिती लागत नाही.

तिसरा धोका लैंगिक नाही, म्हणून त्याकडे कोणाचं लक्षच जात नाही. ‘आधी वाचता येत नव्हतं, आता वाचतो’ हे दाखवण्यासाठी अडखळत वाचणाऱ्या मुलाचा व्हिडिओ काढायचा आणि महिन्याभराने दुसरा काढून जोडायचा, हा प्रकार वाचनस्तराच्या उपक्रमांत फार बोकाळला आहे. शिक्षकाची मेहनत खरी असते. पण पहिला अर्धा भाग त्या मुलासोबत दहावीपर्यंत आणि त्यापुढेही राहतो. वर्गातल्या बोबड्या, मजेशीर उत्तरांचंही तसंच. ते व्हायरल झालं की त्याच्या घरी कॅमेरे घेऊन लोक येतात आणि नाही म्हणायची पाळी त्याच्यावर येते. आमचं स्पष्ट मत आहे : मूल शिकताना चुकतंय तो क्षण शाळेबाहेर जाता कामा नये. प्रगती दाखवायची तर वाचनाचा आवाज ऐकवा, चेहरा आणि नाव नको.

आता बटणं. यूट्यूब स्टुडिओत, म्हणजे चॅनेल सांभाळण्याच्या पानावर, व्हिडिओला तीन प्रकारची दृश्यता देता येते : पब्लिक, अनलिस्टेड आणि प्रायव्हेट. प्रायव्हेट व्हिडिओ तुम्ही ईमेल देऊन बोलावलेल्या गूगल खात्यांनाच दिसतो. कागदावर हा सगळ्यात चांगला पर्याय, पण आपल्याकडे अनेक पालकांचं जीमेल खातं मोबाइल दुकानदाराने उघडून दिलेलं असतं आणि त्यांना स्वतःचा पत्ताही माहीत नसतो. त्यामुळे पूर्ण शाळेसाठी प्रायव्हेट चालत नाही. अनलिस्टेड व्हिडिओ शोधात येत नाही, पण लिंक ज्याच्या हाती पडेल त्या कोणालाही दिसतो आणि ती लिंक पुढे पाठवता येते. इथे एक सापळा आहे. अनलिस्टेड व्हिडिओ चॅनेलच्या सार्वजनिक प्लेलिस्टमध्ये टाकला, की प्लेलिस्ट उघडणाऱ्या सगळ्यांना तो दिसतो. अनेक शाळांच्या ‘स्नेहसंमेलन’ नावाच्या प्लेलिस्टमध्ये असे व्हिडिओ पडून आहेत आणि शाळेची समजूत अशी की ते लपलेले आहेत.

आमची शिफारस अशी. गॅदरिंगचा व्हिडिओ अनलिस्टेड ठेवा, कुठल्याही प्लेलिस्टमध्ये टाकू नका, लिंक फक्त वर्गाच्या पालकगटात द्या, आणि १५ दिवसांनी तो प्रायव्हेट करा. प्रायव्हेट केला की फिरत असलेल्या सगळ्या लिंक एकदम निकामी होतात. १५ दिवस पालकांना पुरतात. नंतर कोणाला हवा असेल तर पेनड्राइव्ह घेऊन शाळेत यावं. व्हिडिओची लांबीही बघा. चार तासांच्या एका फायलीऐवजी वर्गवार तुकडे केले, तर दुसरीच्या पालकांना दहावीच्या मुली बघाव्या लागत नाहीत आणि एका पालकाने हरकत घेतली तर सगळं संमेलन उतरवावं लागत नाही.

सेटिंग्जमध्ये ‘अपलोड डिफॉल्ट्स’ असतं. तिथे दृश्यता प्रायव्हेट आणि टिप्पण्या बंद करून ठेवा. मग रात्री अकरा वाजता घाईत कोणी व्हिडिओ चढवला तरी तो आपोआप जगजाहीर होत नाही. अपलोडच्या पानावर ‘शो मोअर’ उघडलं की खाली आणखी पर्याय दिसतात. व्हिडिओचं ठिकाण रिकामं सोडा, दुसऱ्या संकेतस्थळावर लावण्याची परवानगी देऊ नका, आणि लांब व्हिडिओसाठी शॉर्ट्स (छोटे उभे व्हिडिओ) रीमिक्सिंग बंद करा. रीमिक्स चालू असेल तर परका माणूस तुमच्या व्हिडिओतला मुलीच्या नाचाचा तुकडा उचलून स्वतःच्या चॅनेलवर अधिकृतपणे वापरू शकतो.

फोन कसा धरला यावरही बरंच अवलंबून आहे. १५ ऑक्टोबर २०२४ पासून तीन मिनिटांपर्यंतचा उभा किंवा चौकोनी व्हिडिओ यूट्यूब शॉर्ट म्हणून धरतं. मॅडमनी फोन उभा धरून काढलेला दोन मिनिटांचा लेझीम सार्वजनिक केला, तर तो बोटाने वर सरकवत बसलेल्या अनोळखी लोकांच्या पडद्यावर जाऊ शकतो. फोन आडवा धरा. फोनच्या कॅमेऱ्यात ‘लोकेशन टॅग’ही बंद करा. यूट्यूब तो दाखवत नाही, पण तीच मूळ फाइल व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली तर शाळेचे अक्षांश-रेखांश तिच्यासोबत जातात.

‘मेड फॉर किड्स’ या खुणेबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये अमेरिकेत मुलांची माहिती पालकांच्या संमतीविना गोळा केल्याच्या प्रकरणात गूगलने १७ कोटी डॉलर भरले, आणि जानेवारी २०२० पासून प्रत्येक व्हिडिओवर ही खूण सांगणं बंधनकारक झालं. व्हिडिओ कोणासाठी बनवला आहे, एवढंच ती विचारते. त्यात मुलं दिसतात का, हा तिचा प्रश्न नाही. पहिलीसाठीचं बडबडगीत ‘मेड फॉर किड्स’ आहे, पालकांसाठीचं गॅदरिंग बहुधा नाही. खूण केली की टिप्पण्या, लाइव्ह चॅट आणि वैयक्तिक माग काढणाऱ्या जाहिराती बंद होतात, पण व्हिडिओ पाहण्यावर काहीच बंधन येत नाही. तिला कुलूप समजू नका.

जाहिरातींवरून एक गोष्ट. तुमच्या चॅनेलने कमाई सुरू केली नसली तरी व्हिडिओवर जाहिराती येऊ शकतात, आणि चित्रपटगीत वाजलं की त्या गाण्याचा हक्कधारक दावा लावून त्या जाहिरातींचं उत्पन्न घेऊ शकतो, किंवा व्हिडिओ अडवू शकतो. आणि काही शिक्षकांची वैयक्तिक चॅनेल वर्गातल्या मुलांच्या चेहऱ्यांवर खरोखर कमावतात. करमणुकीच्या धंद्यात मुलांकडून काम करून घेण्यासाठी केंद्राच्या २०१७ च्या सुधारित नियमांत जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला पाच तासांची मर्यादा आणि उत्पन्नाचा किमान २० टक्के भाग मुलाच्या मुदत ठेवीत टाकण्याची अट आहे. एखाद्या शिक्षकाच्या चॅनेलला ते नियम लागतात की नाही, यावर वकील वाद घालतील. शाळेने तिथवर जाऊच नये. विद्यार्थी दिसत असतील त्या चॅनेलवर कमाई बंद, एवढा ठराव समितीने करावा.

थेट प्रक्षेपणाबद्दल आम्ही कडक आहोत : करू नका. मंचावर कोणी पडलं, कपडा फाटला, मूल रडत आत पळालं, तर ते गाळायला मध्ये कोणी नसतं. प्रेक्षक मागे जाऊन तो क्षण पुन्हा पाहू शकतात आणि प्रक्षेपण संपल्यावर रेकॉर्डिंग चॅनेलवर आपोआप राहतं. शिवाय २२ जुलै २०२५ पासून यूट्यूबने थेट प्रक्षेपण करण्याचं किमान वय १६ केलं आहे; त्याखालच्या मुलासोबत मोठं माणूस दिसलंच पाहिजे. परदेशातल्या काका-मामांसाठी लाइव्ह हवं, असा आग्रह पालकसभेत होतो. त्यांना दुसऱ्या दिवशी संकलित व्हिडिओची लिंक मिळेल. एका रात्रीने कोणाचं काही बिघडत नाही.

ज्या शाळांचे जुने व्हिडिओ आधीच सार्वजनिक आहेत त्यांनी आधी ॲनालिटिक्स उघडावं. दोनशे पालकांच्या शाळेच्या एका नाचाला हजारो व्ह्यूज असतील, तर अभिमान वाटण्याआधी तीन गोष्टी तपासा. प्रेक्षक आले कुठून : व्हॉट्सॲपवरच्या लिंकवरून, शाळेचं नाव शोधून, की ‘सजेस्टेड व्हिडिओज’मधून? देश कोणते? आणि प्रेक्षक टिकून राहण्याचा आलेख कसा आहे? पालक आपल्या मुलाचा भाग पाहतात, त्यामुळे साधारण चढउतार दिसतात. बाकी आलेख उतरता असताना एखाद्या विशिष्ट सेकंदाला उंच टोक दिसलं, तर तो क्षण लोक पुन्हा पुन्हा पाहत आहेत किंवा थेट तिथेच येत आहेत. तो क्षण स्वतः उघडून बघा. बहुतेक वेळा कोणाचा तरी विनोद निघतो. कधी कधी नाही.

असा भाग सापडला तर आधी व्हिडिओ प्रायव्हेट करा, मग स्टुडिओच्या एडिटरमध्ये तेवढाच तुकडा कापा. क्रम महत्त्वाचा आहे, कारण बदल प्रक्रियेत असेपर्यंत प्रेक्षकांना जुनीच आवृत्ती दिसत राहते. कापल्यानंतर लिंक तीच राहते, नव्याने चढवावं लागत नाही. एडिटरमध्ये चेहरा धूसर करण्याची सोयही आहे. पण मूल वळलं, दुसऱ्यामागे गेलं की धूसरपणाचा चौकोन मागे राहतो. निम्म्या वेगाने पूर्ण व्हिडिओ पाहूनच तो सोडा. समूहनृत्यात हे फारसं साधत नाही, तिथे कापणंच बरं.

आता शूटिंगवाला. शाळेने स्वतः कितीही काळजी घेतली तरी त्याच्या चॅनेलवर तेच गॅदरिंग त्याच्या जाहिरातीसाठी, त्याच्या फोन नंबरासकट, सार्वजनिक पडलेलं असतं. तोंडी सांगून हे थांबत नाही. कार्यादेशातच लिहा : ‘चित्रीकरणाची सर्व दृश्ये व ध्वनी शाळेच्या मालकीचे राहतील. त्याचा कोणताही भाग पुरवठादाराच्या किंवा इतर कोणाच्या समाजमाध्यमावर, यूट्यूबवर अथवा जाहिरातीत वापरता येणार नाही. मूळ फायली हार्डडिस्कवर शाळेस दिल्यानंतर ३० दिवसांत पुरवठादाराने स्वतःकडील प्रती नष्ट करून तसे लेखी द्यावे. मेकअप व कपडे बदलण्याच्या खोलीत कॅमेरा, मोबाइल नेता येणार नाही. अंतिम देयक या अटी पूर्ण झाल्यावर अदा होईल.’ शेवटचं वाक्य सोडू नका, बाकीची सगळी त्याच्यावर उभी आहेत.

चॅनेल कोणाच्या नावावर आहे, हा प्रश्न बदल्यांच्या हंगामात उघडा पडतो. उत्साही शिक्षकाने स्वतःच्या जीमेलवर शाळेचं चॅनेल काढलेलं असतं. त्याची बदली होते, नंबर बदलतो, पासवर्ड विसरतो, आणि मागे मुलांचे शेकडो व्हिडिओ उरतात जे उतरवायला कोणीच नाही. वापरात नसलेली खाती गूगल दोन वर्षांनी काढून टाकतं, पण ज्या खात्यावर यूट्यूब व्हिडिओ आहेत त्यांना त्या धोरणातून वगळलेलं आहे, तेव्हा ते आपोआप नाहीसे होतील ही आशा ठेवू नका. शाळेच्या नावाचं खातं उघडा, रिकव्हरीला शाळेचा नंबर द्या, टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा. शिक्षकांना पासवर्ड न देता स्टुडिओतल्या ‘परमिशन्स’मधून एडिटर म्हणून जोडा. बदली झाली की नाव काढायचं. कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत डेडस्टॉक रजिस्टरसोबत चॅनेलचीही एक ओळ असू द्या.

संमतीबद्दल. प्रवेश अर्जातली ‘फोटो वापरण्यास हरकत नाही’ ही बारीक ओळ संमती नव्हे. पालकांना मराठीत, किंवा त्यांच्या भाषेत, चार वेगळे प्रश्न विचारा : चित्रीकरण चालेल का, शाळेत दाखवलेलं चालेल का, पालकगटात लिंक दिलेली चालेल का, सर्वांसाठी खुलं केलेलं चालेल का. प्रत्येकासमोर हो आणि नाही. खाली एक ओळ : ‘ही संमती मी केव्हाही मागे घेऊ शकतो/शकते.’ आणि मुलाची वेगळी सही, पाचवीच्या पुढे नक्कीच. पालक हो म्हणाले आणि मूल नाही म्हणालं तर नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ च्या ९व्या कलमाने १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळता येणारी संमती मागितली आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. तोवर थांबायचं कारण नाही.

मुख्याध्यापकांकडे आणखी एक बंद यादी असावी, ‘कॅमेरा नको’ची : ताबा मिळवण्याचा वाद चालू असलेल्या घरातली मुलं, बालगृहातून येणारी मुलं, गुन्ह्यातले पीडित किंवा साक्षीदार असलेली मुलं. पॉक्सोच्या, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, २३व्या कलमानुसार प्रसारमाध्यमांत पीडित मुलाचं नाव, छायाचित्रच काय, त्याची शाळा आणि परिसरही उघड करता येत नाही. बाल न्याय कायद्याच्या ७४व्या कलमात चौकशी वा खटल्याशी जोडलेल्या मुलाची ओळख उघड केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. या मुलांना नाटकातून काढू नका. दिग्दर्शन, ध्वनी, नेपथ्य द्या, किंवा मुखवट्याची भूमिका द्या, आणि कारण वर्गात सांगू नका.

चेहरा न दाखवताही भरपूर करता येतं, आणि खरं सांगायचं तर ते जास्त चांगलं दिसतं. विज्ञानाच्या प्रयोगात कॅमेरा वरून टेबलावर रोखा : फक्त हात, बीकर आणि मुलाचा आवाज. कथेसाठी मुलांनी काढलेली चित्रं एकेक दाखवत मागे निवेदन. मातीच्या बाहुल्या हलवून स्टॉप मोशन केलं तर सेकंदाला १० ते १२ छायाचित्रं लागतात. एका मिनिटाला सहाशेच्या वर, म्हणजे एका वर्गाला पुरेल एवढं काम. मुलाखतीत आजी-आजोबा समोर, प्रश्न विचारणारं मूल पाठमोरं. नावाऐवजी मुलांना टोपणनाव घेऊ द्या. मराठी कवितेला ते नवीन नाही, आणि मुलं नाव निवडण्यात इतकी रमतात की मूळ काम बाजूला राहतं, तेवढं सांभाळा. टिप्पण्या बंद केल्याने मुलांना दाद मिळत नाही ही तक्रार रास्त आहे. व्हिडिओ पालकसभेत मोठ्या पडद्यावर लावा आणि अभिप्रायाची वही फिरवा.

मुलांची स्वतःची खाती हा वेगळा विषय आहे, एवढंच सांगतो. जन्मवर्ष खोटं टाकलेल्या खात्याला मोठ्या माणसाचं खातं समजलं जातं. १३ ते १७ वयोगटासाठी यूट्यूब व्हिडिओ आपोआप प्रायव्हेट ठेवतं, इन्स्टाग्राम खातं खासगी ठेवून अनोळखी संदेश अडवतं. २००० साल टाकलेल्या सहावीतल्या मुलाला यातलं काहीच मिळत नाही. पालकसभेत हे एक वाक्य सांगितलं तरी पुष्कळ.

काही बिघडलंच तर. दुसऱ्याच्या चॅनेलवर तुमच्या विद्यार्थ्याचा व्हिडिओ दिसला, तर आधी चॅनेलवाल्याला काढायला सांगा. नाही काढला तर पालकांच्या नावाने यूट्यूबच्या प्रायव्हसी तक्रारीचा अर्ज भरा. त्यात व्हिडिओची लिंक आणि मूल दिसतं ती मिनिटं-सेकंदं द्यावी लागतात, आणि टाकणाऱ्याला साधारण ४८ तासांची मुदत मिळते. गूगल शोधात दिसणारं अल्पवयीन मुलाचं छायाचित्र काढण्यासाठी वेगळा अर्ज आहे, तोही भरा. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने दाद दिली नाही तर केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं.

पण प्रकार लैंगिक असेल, बनावट नग्न चित्र असेल, धमकी असेल, तर हे अर्ज भरत बसू नका. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ किंवा पोलीस, आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल. इथे चांगल्या हेतूने एक घोडचूक होते : ‘पुरावा’ म्हणून कोणी तो व्हिडिओ डाउनलोड करतं आणि मुख्याध्यापकांना, मुख्याध्यापक संस्थेच्या सचिवांना पाठवतात. अशी सामग्री डाउनलोड करणं, साठवणं, पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ब कलमाखाली गुन्हा आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात ती जवळ बाळगण्याबाबत पॉक्सोच्या १५व्या कलमाचा अर्थ कडक लावला आहे. लिंक, चॅनेलचं नाव, तारीख, वेळ कागदावर लिहा. चित्र घेऊ नका. पॉक्सोच्या १९व्या कलमानुसार पोलिसांना कळवणं ऐच्छिक नाही. संस्थेची बदनामी टाळण्यासाठी आधी आतल्या आत चौकशी करणाऱ्यांनी न कळवल्याची शिक्षा सांगणारं २१वं कलम वाचावं. मुलीला ‘तू व्हिडिओ का काढू दिलास’ हा प्रश्न कोणीही विचारायचा नाही, हे शाळेतल्या विद्यार्थी-सुरक्षेसाठीच्या सखी सावित्री समितीने आधीच ठरवून ठेवावं.

शेवटी अधिकाऱ्यांना. शाळा एवढे व्हिडिओ टाकतात त्याचं एक मोठं कारण तुमची परिपत्रकं आहेत. उपक्रम झाला, दोन फोटो आणि व्हिडिओची लिंक संध्याकाळी पाचपर्यंत गटावर टाका. ज्याला पाचपर्यंत लिंक द्यायची आहे तो सेटिंग्ज बघत नाही, पब्लिक दाबतो आणि मोकळा होतो. पन्नास शाळांच्या लिंक ज्या गटावर पडतात त्यात कोण कोण आहे, हे त्या गटाच्या ॲडमिनलाही ठाऊक नसतं. पुढच्या परिपत्रकात हे वाक्य घाला : ‘उपक्रमाचा पुरावा म्हणून विद्यार्थ्यांचे चेहरे किंवा नावे असलेला व्हिडिओ पाठवू नये. सहभागी विद्यार्थ्यांची संख्या, मुख्याध्यापकांच्या सहीचा अहवाल आणि विद्यार्थ्यांच्या कामाचे छायाचित्र ग्राह्य धरले जाईल. व्हिडिओ अपरिहार्य असल्यास तो तपासणीवेळी शाळेत पाहिला जाईल.’ त्यासाठी निधी लागत नाही, नवी समिती लागत नाही.

आपले,
शालेय व्हिडिओ, संकलन आणि बालहक्क या क्षेत्रांत काम करणारे काही शिक्षक, तंत्रज्ञ व वकील